पॅनक्रियाटिक अमायलेजची अँटीबॉडी: आठ महिने वापरून बघितल्यावर

ही अँटीबॉडी मागवायच्या आधी कुणीतरी मराठीत चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर आमचे दोन महिने वाचले असते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. बेळगाव, कोल्हापूर, धारवाड या पट्ट्यात बायोकेमिस्ट्रीवाले, पॅथॉलॉजीवाले खूप जण आहेत आणि सगळ्यांचं बजेट आमच्यासारखंच असणार.

आधी वस्तू काय ते सांगते. अमायलेज म्हणजे पिष्ट फोडून साखर करणारं एन्झाइम, आणि अँटीबॉडी म्हणजे ठराविक प्रोटीनला चिकटून ते ओळखणारं प्रोटीन. ही सशात तयार केलेली पॉलिक्लोनल अँटीबॉडी (म्हणजे त्या प्रोटीनच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या अनेक अँटीबॉडींचं मिश्रण), माणसाच्या पॅनक्रियाजमधल्या अल्फा अमायलेजच्या विरुद्ध, १०० मायक्रोलिटरची कुपी, ५० टक्के ग्लिसरॉल आणि थोडं सोडियम अझाइड घातलेल्या बफरमध्ये. वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीनं जेलवर वेगळी करून पट्टीवर उतरवायची आणि अँटीबॉडीनं शोधायची) चालते, पॅराफिन सेक्शनवर (मेणात बसवलेल्या टिश्यूच्या पातळ कापांवर) पण चालते असं लेबलवर. जीएसटी आणि बर्फाच्या पेटीचं भाडं धरून ४० हजारांच्या आत बसली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जी अडचण आली ती एका कंपनीची नाही, असंच लेबल मी नंतर आणखी दोन-तीन कॅटलॉगमध्ये बघितलं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. अमायलेज आहे का नाही एवढंच बघायचं असेल तर डोळे झाकून घ्या, फार चांगली आहे. खरं हे अमायलेज पॅनक्रियाजमधलंच हे सिद्ध करायला घेणार असाल तर घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. आम्ही नेमकं त्याच कामासाठी घेतली होती.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे कळेल लेबलवरच्या एका शब्दाला आम्ही एवढं का धरून बसलो. पोटात किंवा छातीत पाणी झालेला पेशंट आला की डॉक्टर ते पाणी काढून तपासायला पाठवतात. त्यात अमायलेज खूप वाढलेलं दिसलं तर पहिली शंका पॅनक्रियाजवर जाते, तिथं सूज असेल, तिथून गळती असेल. खरं अमायलेज मुख्यतः दोन ठिकाणी तयार होतं, पॅनक्रियाजमध्ये आणि लाळेच्या ग्रंथींमध्ये. अन्ननलिका फाटली तर लाळ छातीत उतरते आणि छातीतल्या पाण्यात अमायलेज वाढतं, काही कॅन्सरमध्ये पण लाळेच्या जातीचं अमायलेज पाण्यात सापडतं. म्हणजे आकडा तोच, खरं पेशंटची गोष्ट पूर्ण वेगळी. तर आमचा विचार असा होता की एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन हॉस्पिटलमध्ये तपासून झाल्यावर उरलेली पाण्याची सॅम्पल्स घ्यायची, जेलवर चालवायची आणि पॅनक्रियाटिक म्हणून लिहिलेली अँटीबॉडी लावून बघायचं. बँड दिसला तर पॅनक्रियाजचं, नाही दिसला तर लाळेचं. कागदावर किती सोपं दिसतं हे.

पार्सलचं आधी बोलते कारण बेळगावात राहणाऱ्याला त्याचाच घोर जास्त. माल बेंगळुरूहून निघाला, तिथून इथं ५०० किलोमीटर, रात्रभराचा रस्ता, खरं निघाला शुक्रवारी आणि पोचला सोमवारी दुपारी, मध्ये दुसरा शनिवार होता आणि ऑफिस बंद. कुरियरवाल्या अण्णांचा फोन आला, "मॅडम, बर्फाचा बॉक्स हाय री, खरं आतनं पाणी हलल्यागत वाजायलंय." मी पळत खाली गेले, उघडून बघितलं तर जेल पॅक सगळे वितळलेले, नुसते गार होते. तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. आमचे सर शांत होते, ते म्हणाले आयजीजी, म्हणजे अँटीबॉडीचं प्रोटीन, चिवट असतं गं, ग्लिसरॉलमध्ये दोन-तीन दिवस एवढ्या गारव्यात राहिलं म्हणून मरत नाही, आधी वापरून बघ मग भांड. आणि तसंच झालं, अँटीबॉडीला काही झालेलं नव्हतं. तरी सांगते, डीलरला स्पष्ट सांगा की माल सोमवारी किंवा मंगळवारीच बाहेर पडला पाहिजे. दुसरा आणि चौथा शनिवार, राज्योत्सवाची सुट्टी, गणपतीचे दिवस हे सगळं बघून ऑर्डर टाका. अनंत चतुर्दशीला तर बेळगावात गाडी आत शिरायलाच वाट नसते, त्या आठवड्यात बर्फातलं काहीच मागवू नका.

आल्या आल्या पहिलं काम म्हणजे ५-५ मायक्रोलिटरचे छोटे भाग करून उणे २० ला ठेवले. ५० टक्के ग्लिसरॉल असल्यामुळे उणे २० ला ती गोठत नाही, पातळच राहते, त्यामुळे थेट काढून वापरता येते. घरातल्यासारखा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर असेल तर त्यात ठेवू नका, तो मध्ये मध्ये गरम होतो. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते, म्हणून आम्ही सगळ्या ट्यूबा जेल पॅकच्या मधोमध थर्माकोलच्या डब्यात घालून तो डबा फ्रीझरमध्ये ठेवलाय. चार-पाच तास लाईट गेली तरी आतलं थंड राहतं. एवढं केलं म्हणून आठ महिन्यांनी पण पहिल्या दिवसासारखीच चालतेय.

आता वेस्टर्न ब्लॉट. अमायलेज सिग्नल पेप्टाइड धरून ५११ अमिनो आम्लांचं प्रोटीन, १५ चा सिग्नल तुकडा गळून पडला की ४९६ राहतात, जेलवर साधारण ५५ ते ५७ किलोडाल्टनला दिसतं. अँटीबॉडी किती पातळ करायची ते कंपनीनं १:५०० ते १:२००० सांगितलेलं. पॅनक्रियाजच्या लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या अर्कावर) आम्ही १:१००० नं सुरुवात केली तर एवढा जाड बँड आला की फिल्मवर काळा ठिपका पडल्यासारखं झालं, मग कमी करत करत १:५००० ला येऊन थांबलो. बँड एकच, स्वच्छ, वर-खाली कचरा नाही. १० टक्के जेल, ५ टक्के साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत ब्लॉकिंग, रात्रभर ४ डिग्रीला. १:५००० म्हणजे एक कुपी किती ब्लॉटला पुरेल याचा हिशोब तुम्हीच करा, त्या मानानं किंमत महाग नाही हे मी मान्य करते.

पोटातल्या पाण्यावर मात्र त्रास झाला आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. त्या पाण्यात अल्ब्युमिन भरपूर असतं, ते ६६ किलोडाल्टनला एवढा मोठा ढेकूळ करून बसतं, आणि खाली ५० ला पेशंटच्या स्वतःच्या आयजीजीची हेवी चेन. आपलं अमायलेज या दोघांच्या मध्ये चेंगरलेलं. त्यात सशाविरुद्धची सेकंडरी अँटीबॉडी (सशाच्या अँटीबॉडीला चिकटून बँड दिसायला लावणारी दुसरी) जरा हलक्या प्रतीची असेल तर ती माणसाच्या आयजीजीला पण चिकटते आणि ५० ला बँड उजळतो, मग जेल थोडं वाकडं पळालं की तोच बँड ५५ चा वाटतो. आम्ही दोन आठवडे असाच एक बँड अमायलेज म्हणून धरून चाललो होतो. शेवटी एका पट्टीवर प्रायमरी, म्हणजे आपली अमायलेजची अँटीबॉडी, न घालता नुसती सेकंडरी लावली तेव्हा तो बँड तसाच्या तसा हजर. मग माणसाच्या सीरमवर शोषून घेतलेली सेकंडरी आणली आणि तो गेला. म्हणून सांगते, शरीरातलं कुठलंही पाणी चालवणार असाल तर नुसत्या सेकंडरीची पट्टी प्रत्येक वेळी ठेवा, एकदाच करून सोडू नका.

आता लाळेची गोष्ट. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात बँड यायलाच नको असं सॅम्पल, पाहिजे होता. डेटाशीटवर पॉझिटिव्ह म्हणून पॅनक्रियाजचं लायसेट आणि निगेटिव्ह म्हणून लिव्हरचं लायसेट एवढंच दाखवलेलं होतं, आणि आम्हाला ते पुरेसं वाटलं होतं. एका संध्याकाळी मी एकटीच बसलेले, आमच्या लॅबमधल्या अक्का, त्या बैलहोंगलच्या, कन्नड घरातल्या खरं मराठी आमच्यासारखंच बोलतात, त्या बॅग घेऊन निघाल्या होत्या. म्हणाल्या, "काय करूलालीस गं अजून?" मी सांगितलं निगेटिव्ह कंट्रोल शोधतेय. त्या सहज म्हणाल्या, "मग थुकी लाव की. त्यात पॅनक्रियाजचं काय येणार?" इतकी साधी गोष्ट आणि सहा आठवड्यांत आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिघांची लाळ घेतली, माझी, अक्कांची आणि आमच्या एका ज्युनियर मुलाची. तासभर काही खायचं नाही, पाण्यानं चूळ भरायची, दहा मिनिटं थांबायचं आणि ट्यूबमध्ये लाळ आपोआप गळू द्यायची. बर्फावर ठेवून सेंट्रिफ्यूज केली, पन्नासपट पातळ केली, जेलवर चढवली, पॅनक्रियाजचं लायसेट शेजारीच. फिल्म धुऊन वर काढली तर तिन्ही लाळेच्या पट्ट्या पॅनक्रियाजपेक्षा पण जाड. आणि एक नाही, दोन-दोन बँड, एक ५७ च्या आसपास आणि दुसरा त्याच्या वर ६२ ला. वरचा म्हणजे साखरेची साखळी लागलेलं अमायलेज, लाळेत ते दोन्ही रूपात असतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, खरं स्वतःच्या लाळेत बघताना अंगावर काटा आला. आणि लगेच कळलं की आमचा सगळा बेत कोसळला. निगेटिव्ह म्हणून जे घेतलं तेच सगळ्यात जास्त पॉझिटिव्ह.

असं का होतं ते खरं तर सरळ आहे, आम्ही आधी बसून बघायला पाहिजे होतं. लाळेचं अमायलेज एएमवाय-१ या जीनवरनं येतं, पॅनक्रियाजचं एएमवाय-२ए आणि २बी वरनं, सगळे क्रोमोझोम १ वर एकमेकांच्या शेजारी बसलेले, एकाच मूळ जीनच्या नकला होत होत तयार झालेले. प्रोटीनची अक्षरं शेजारी शेजारी ठेवून मोजली तर १०० मधली ९७ च्या आसपास सारखी. सशाला जर अख्खं अमायलेज टोचलं तर तो बिचारा ससा त्या अख्ख्या प्रोटीनविरुद्ध शेकडो प्रकारची अँटीबॉडी करणार, त्यातली जवळजवळ सगळी सारख्याच भागावर बसणार. फरक ओळखणारी थोडी असतील पण ती गर्दीत हरवणार. डेटाशीटवर इम्युनोजेन (सशाला टोचलेलं प्रोटीन) म्हणून 'पूर्ण लांबीचं रिकॉम्बिनंट प्रोटीन' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच. ती ओळ वाचून पाच मिनिटं युनिप्रॉट या प्रोटीनांच्या डेटाबेसवर दोन्ही सीक्वेन्स जुळवले असते तर ४० हजारांची ऑर्डर जायच्या आधीच कळलं असतं. आता मी ज्युनियर मुलांना पहिलं हेच शिकवते.

या एएमवाय-१ बद्दल आणखी एक गोष्ट आहे जी मला फार आवडते, विषयाला जरा सोडून आहे खरं सांगते. प्रत्येक माणसात या जीनच्या प्रती सारख्या नसतात, कुणात २, कुणात १० च्या वर. २००७ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्या समाजांचं जेवण पिष्टावर जास्त अवलंबून त्यांच्यात सरासरीनं प्रती जास्त, आणि प्रती जास्त तेवढं लाळेत अमायलेज पण जास्त. आमच्या तिघांच्या पट्ट्या सारख्या जाडीच्या नव्हत्या, अक्कांची सगळ्यात गडद. मी खानापूरकडची, भातावर वाढलेली, त्या बैलहोंगलच्या, जोंधळ्याच्या भाकरीवर. तीन माणसांवरनं काही म्हणता येत नाही आणि लाळ तर दिवसभरात बदलते, तेव्हा मी काहीच म्हणत नाही. खरं लहानपणी आजी म्हणायची भाकरी सावकाश चाव, गोड लागेल, ते आठवलं. गोड करणारं हेच ते.

बरं, कंपनीशी काय झालं. आम्ही फिल्मचे फोटो, जेलची माहिती, लॉट नंबर सगळं लावून मेल केलं. पहिलं उत्तर ठरलेलं आलं, ब्लॉकिंग बदला, डायल्यूशन वाढवा, नवीन सेकंडरी घ्या. मी परत लिहिलं की बॅकग्राउंडची तक्रार नाही, बँड अगदी स्वच्छ आहे, तक्रार अशी की लाळेतलं अमायलेज पण ओळखतेय आणि तुम्ही नावात फक्त पॅनक्रियाटिक लिहिलंय. तिसऱ्या मेलला कुणीतरी खरोखर विषय समजणारी व्यक्ती होती, तिनं मान्य केलं की लाळेवर त्यांनी कधी तपासलंच नव्हतं, आणि पुढच्या ऑर्डरवर सूट दिली. सूट घेतली आम्ही, त्याबद्दल आभार. पण डेटाशीट अजून तसंच आहे. मला पैशापेक्षा ते जास्त लागतं. कुठंतरी आमच्यासारखीच एखादी लॅब हा एक शब्द वाचून पेशंटच्या पाण्यावर निष्कर्ष काढत असेल. आम्ही काढणारच होतो, अक्का त्या संध्याकाळी दहा मिनिटं आधी निघाल्या असत्या तर तो बँड आमच्या रिपोर्टमध्ये गेला असता. डेटाशीटमध्ये 'लाळेच्या अमायलेजलाही जुळते' एवढी एक ओळ घालायला काय लागतं.

सूट होती म्हणून दुसरी कुपी घेतली, आणि इथं पॉलिक्लोनलचा दुसरा गुण दिसला. लॉट वेगळा, म्हणजे ससा वेगळा. पहिली १:५००० ला चालायची, ही १:२००० ला आणावी लागली आणि ४० च्या खाली एक फिकट जादा बँड येतो. वाईट नाही, खरं तीच ती वस्तू पण नाही. तुमचं काम वर्षभर चालणारं असेल तर एकाच लॉटच्या दोन कुप्या एकदम घ्या, आणि वहीत लॉट नंबर लिहा, नुसता कॅटलॉग नंबर लिहून उपयोग नाही.

एवढं सगळं बोलले तरी ही अँटीबॉडी मी टाकून देणार नाही, कारण टिश्यूवर ती काय सुंदर चालते ते बघायलाच पाहिजे. पॅथॉलॉजीतल्या मॅडमनी जुने पॅराफिन ब्लॉक दिले, पॅनक्रियाजचे. सायट्रेट बफर पीएच ६, साधा स्वयंपाकाचा कुकर, त्यात स्लाइड उकळल्या, थंड होऊ दिल्या, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, मग अँटीबॉडी १:४००. अझाइड एचआरपीला (सेकंडरीबरोबरच्या रंग आणणाऱ्या एन्झाइमला) मारतं म्हणतात ते खरंय, पण ४०० पट पातळ केल्यावर आणि नीट धुतल्यावर काही फरक पडत नाही, फक्त एचआरपीच्या ट्यूबमध्ये स्वतःहून अझाइड घालू नका. डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) लावल्यावर असायनर पेशी, म्हणजे एन्झाइम करणाऱ्या, सगळ्या तपकिरी, दाणेदार, आणि मध्ये मध्ये लँगरहान्सची बेटं एकदम कोरी, निळी. एन्झाइम करणारं सगळं रंगलं आणि इन्शुलिन करणारं एकपण नाही, म्हणजे स्लाइडवरच आयता निगेटिव्ह कंट्रोल. मॅडम मायक्रोस्कोपवरनं उठेनात, परत परत बघत होत्या, नंतर एमडीच्या पोरांना बोलावून दाखवलं. पॅरोटिडच्या (कानापुढच्या लाळग्रंथीच्या) सेक्शनवर पण सीरस असायनाय (पातळ लाळ करणाऱ्या पेशींचे गुच्छ) मस्त रंगतात, नळ्या कोऱ्या राहतात. एक सावध करते, पोस्टमॉर्टमचं पॅनक्रियाज घेऊ नका शक्यतो, हा अवयव स्वतःच्याच एन्झाइमनं स्वतःला पचवतो, उशिरा फॉर्मलिनमध्ये पडलेल्या टिश्यूवर सगळं पुसट आणि पसरलेलं येतं. ऑपरेशनमध्ये काढलेला आणि लगेच फॉर्मलिनमध्ये घातलेला तुकडा असेल तर बघत राहावं असं येतं.

मग पाण्याचं काय केलं असं विचाराल. ते काम आम्ही वेस्टर्नवरनं काढूनच टाकलं. हॉस्पिटलच्या ॲनालायझरवर पी-अमायलेज म्हणून टेस्ट मिळते, तिच्यात लाळेच्या अमायलेजला गप्प करणाऱ्या मोनोक्लोनल अँटीबॉडी (प्रत्येक एकाच ठराविक भागाला चिकटणारी) असतात, त्या त्याचं काम बंद पाडतात आणि जे उरतं ते पॅनक्रियाजचं म्हणून मोजलं जातं. म्हणजे ९७ टक्के सारखं असलं तरी त्या उरलेल्या तीन टक्क्यांना पकडणारी अँटीबॉडी करता येते, नीट निवडून मोनोक्लोनल केली तर. सशाच्या पॉलिक्लोनलकडनं ती अपेक्षा ठेवणं चूक. सोबतीला त्याच पाण्यातलं लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) बघतो, तेही वाढलेलं असेल तर पॅनक्रियाजकडं बोट जातं. आता जुन्या सॅम्पलवर हे दोन्ही लावतोय आणि पहिल्यांदाच आकडे पेशंटच्या कहाणीशी जुळायला लागलेत.

पाचपैकी द्यायचे तर टिश्यूसाठी पाच, साध्या वेस्टर्नसाठी चार, आणि नावातल्या त्या 'पॅनक्रियाटिक' शब्दासाठी मी एकही स्टार देणार नाही.

पहिल्या लॉटचे अजून आठ-नऊ छोटे भाग शिल्लक आहेत. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर कुठल्याही लॅबला ऑर्डर करायच्या आधी एक सेक्शन किंवा एक ब्लॉट करून बघायचा असेल तर गाईडकडनं निरोप पाठवा, ५ मायक्रोलिटर देईन, पैसे नकोत. बर्फाचा डबा तेवढा तुमचा घेऊन या, आणि येताना निपाणीवाल्यांनी सकाळच्या बसनंच या म्हणजे दुपारच्या उन्हाच्या आत परत पोचाल. आणि पहिल्याच ब्लॉटला एक पट्टी स्वतःच्या लाळेची ठेवा.